कोकणातल्या छपरावरची वीज महावितरणला देताना

छपरावर सोलर बसवायचं आणि उरलेली वीज विकायची, एवढं ऐकून बरेच जण थेट कोटेशन मागवतात. त्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाला वीज विकून मिळणारा पैसा थोडा असतो, वीज वाचवून राहणारा पैसा जास्त असतो. किती किलोवॅटचा संच घ्यायचा, कर्ज काढायचं की नाही, मुंबईकरांच्या बंद घरावर बसवायचा की नाही, हे सगळं याच गोष्टीवरून ठरतं. कोकणात त्यात आणखी तीन गोष्टींची भर पडते: चार महिन्यांचा पाऊस, खारा वारा आणि जांभ्याची जमीन.

विक्रीचा दर म्हणजे नेमकं काय

फीड-इन टॅरिफ म्हणजे घरी तयार केलेल्या प्रत्येक युनिटला सरकारने आधीच ठरवून दिलेला, बरीच वर्षं न बदलणारा दर. जर्मनीने २००० सालच्या कायद्याने असा दर २० वर्षांसाठी बांधून दिला. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये ही योजना आणली आणि ३१ मार्च २०१९ नंतर नव्या घरांसाठी बंद केली. मोबाईलवर ‘सोलर लावा, महिन्याला कमाई करा’ असे जे व्हिडिओ फिरतात, त्यांच्यामागे बहुधा अशा परदेशी योजनांची कल्पना असते. आपल्याकडच्या घराला तो हिशोब लागू नाही.

आपल्याकडे महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे २०१९ चे विनियम चालतात. त्यात दोन पद्धती आहेत. नेट मीटरिंगमध्ये तुम्ही महावितरणच्या तारांच्या जाळ्यात पाठवलेलं युनिट जाळ्यातून घेतलेल्या युनिटातून वजा होतं, म्हणजे युनिटाला युनिट. नेट बिलिंगमध्ये घेतलेल्या विजेला नेहमीचा दर लागतो आणि पाठवलेल्या विजेला वेगळा, कमी दर मिळतो. घरासाठी नेट मीटरिंगच घ्या. अर्जावर पद्धत निवडायची असेल तर हा रकाना स्वतः वाचून भरा, एजंटवर सोडू नका.

नेट मीटरिंगमध्ये एका महिन्यात पाठवलेली वीज घेतलेल्या विजेपेक्षा जास्त झाली, तर उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा धरतात. ही साठवण ३१ मार्चला संपते. त्या दिवशी शिल्लक असलेली युनिटं महावितरण आयोगाने त्या वर्षासाठी ठरवलेल्या दराने विकत घेते आणि १ एप्रिलपासून खातं पुन्हा शून्यावरून सुरू होतं. खरी ‘विक्री’ होते ती एवढीच. हा दर तुम्ही विजेला मोजता त्यापेक्षा बराच कमी असतो.

किती किलोवॅट: आधी हा हिशोब करा

मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि एप्रिल ते मार्च असा क्रम लावून युनिटं लिहा. जानेवारी ते डिसेंबर असा क्रम लावू नका, कारण साठवणीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं.

दुसऱ्या ओळीत संचातून येणारी वीज लिहा. किनारपट्टीवर सावली नसलेल्या १ किलोवॅटमागे वर्षाला १,२५० ते १,४०० युनिटं धरावीत. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला साडेचार युनिटं येतात. जुलैत दोनच्या खाली गेली तरी नवल मानू नका. कोटेशनवर ‘वर्षभर दिवसाला ५ युनिटं’ असं लिहिलेलं दिसलं तर त्या माणसाने कोकणातला आषाढ हिशोबात धरलेला नाही.

आता एक उदाहरण. कुडाळ किंवा गुहागरकडचं चार-पाच माणसांचं घर, वापर वर्षाला २,३८० युनिटं: मे महिन्यात २८०, जुलै-ऑगस्टमध्ये १८०, डिसेंबर-जानेवारीत १५०, बाकीचे महिने यांच्यामध्ये. छपरावर २ किलोवॅट, त्यातून वर्षाला २,५३० युनिटं. वरवर पाहिलं तर वापरापेक्षा दीडशे युनिटं जास्तच तयार होतात, म्हणजे बिल शून्य व्हायला हवं. तसं होत नाही. एप्रिलमध्ये पंखे चोवीस तास चालतात, त्यामुळे जमेला जेमतेम १० युनिटं पडतात. ती मेमध्येच संपतात आणि वर १० युनिटं विकत घ्यावी लागतात. जूनपासून तूट वाढते. जूनमध्ये ७०, जुलैत ७०, ऑगस्टमध्ये ५५, सप्टेंबरमध्ये २०. मेमधली १० धरून एकूण २२५ युनिटं विकत घ्यावी लागतात. ऑक्टोबरपासून पुन्हा उन्हाळी आकडे येतात आणि मार्चअखेर ३७५ युनिटं शिल्लक पडतात. ती येत्या पावसाळ्यात कामाला आली असती, पण ३१ मार्चला ती कमी दराने निघून जातात. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि पाऊस जूनला, ही कोकणाच्या ग्राहकाची खरी अडचण आहे.

मग ३ किलोवॅट घ्यावा का? बहुतेक विक्रेते तसंच सुचवतात. आकडे मांडून बघू. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च) धरून पहिल्या १०० युनिटांना सुमारे ६ रुपये आणि १०१ ते ३०० च्या टप्प्याला सुमारे ११ रुपये पडतात. शेवटच्या विक्रीचा दर हिशोबासाठी ३ रुपये धरू. वरच्या घराचे २ किलोवॅटने वर्षाला १९ ते २० हजार रुपये वाचतात, कारण महागड्या टप्प्यातली सगळी युनिटं जातात. तिसऱ्या किलोवॅटने पावसाळ्यातली ती २२५ युनिटं वाचतील, पण ती सगळी स्वस्त टप्प्यातली आहेत, म्हणजे साधारण १,३५० रुपये. बाकीची १,०४० युनिटं ३१ मार्चला ३ रुपयांनी जातील, म्हणजे ३,१०० च्या आसपास. वर्षाला साडेचार हजारांसाठी तिसरा किलोवॅट घ्यायचा की नाही, हे आता तुम्हीच ठरवा. येत्या दोन वर्षांत एसी, इंडक्शन शेगडी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर जरूर घ्या. नुसतं विकण्यासाठी घेऊ नका.

पावसाळ्यात थोडं बिल येऊ द्यावं, ही आमची ठाम शिफारस. बारा महिने शून्य बिलाचा हट्ट धरला की संच मोठा होतो आणि पैसे अडकतात. तसंही बिल पूर्ण शून्य कधीच होत नाही. सिंगल फेजचा स्थिर आकार, महिन्याला सव्वाशे रुपयांच्या आसपास, द्यावाच लागतो.

गणपतीत आणि मे महिन्यात उघडणाऱ्या घरांचं गणित वेगळं आहे. दहा महिने वापर जवळजवळ नाही, म्हणून तयार झालेली सगळी वीज शेवटच्या दराने जाते. गणपतीत घर भरलेलं असतं तेव्हा आभाळही भरलेलं असतं. अशा घरावर १ किलोवॅटच्या वर जाऊ नये. घरात वर्षभर राहणारं कुणी नसेल तर पॅनेल धुणारं आणि इन्व्हर्टरचा (पॅनेलची डीसी वीज घरातल्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्राचा) लाल दिवा बघणारंही कुणी नाही, याचाही विचार करा.

अनुदान आणि कागद

पीएम सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे. केंद्राचं अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये आहे. ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठा संच घेतला तरी ७८,००० रुपयांच्या वर मिळत नाही. अनुदान काढताना सरकारने पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ५०,००० आणि तिसऱ्याला ४५,००० रुपये खर्च धरला आहे. बाजारात, विशेषतः उंच स्ट्रक्चर, म्हणजे पॅनेल धरणारा सांगाडा, घेतलं तर, त्याहून जास्त लागतात. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचेच हवेत. बिलावर आणि पॅनेलच्या मागच्या पट्टीवर ते तपासा, कारण परदेशी सेलचं पॅनेल निघालं तर अनुदान अडतं. योजना घरगुती जोडणीसाठीच आहे. बागेच्या पंपाची शेती जोडणी किंवा व्यापारी दराचं बिल येणारं लॉज यात बसत नाही.

कोकणात अर्ज अडकण्याचं सर्वांत मोठं कारण तांत्रिक नसतं. बिल आजोबांच्या नावावर असतं, आजोबा वारलेले असतात आणि घर चार भावांचं सामाईक असतं. अर्ज बिलावरच्या नावाने होतो आणि अनुदान त्याच नावाच्या बँक खात्यात जमा होतं. म्हणून पहिली पायरी पॅनेलची नाही, बिलावरचं नाव बदलण्याची. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा असेसमेंट उतारा, मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतीपत्र आणि आधार गोळा करून महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात किंवा ऑनलाईन नाव बदलून घ्या. भावकीची छपराबद्दलची संमतीही याच वेळी लेखी घ्या. स्ट्रक्चर उभं राहिल्यावर वाद निघाला तर ते उतरवायचा खर्च बसवायच्या खर्चाइतकाच येतो.

नाव जुळलं की पुढचं काम सरळ आहे. सूर्यघर पोर्टलवर राज्य आणि वीज कंपनी निवडा, बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक टाका, मोबाईलवरच्या ओटीपीने नोंदणी करा आणि अर्ज भरा. २०२४ च्या केंद्रीय नियमदुरुस्तीनंतर १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची वाट बघावी लागत नाही, तो मंजूरच मानला जातो. मंजूर भार कमी असेल, जुन्या घरांत तो अर्धा-एक किलोवॅटच असतो, तर गरजेप्रमाणे वाढवून देणंही वीज कंपनीचं काम आहे. कुणी ‘भार वाढवायला वेगळा अर्ज आणि वर काहीतरी’ म्हणालं तर हा नियम दाखवा.

मग पोर्टलवरच्या नोंदणीकृत यादीतला विक्रेता निवडा. आपल्या तालुक्यात किंवा शेजारच्या तालुक्यात ज्याचा माणूस आहे असाच निवडा. पाच वर्षांची देखभाल करारात असते, पण पुण्याहून किंवा कोल्हापूरहून माणूस घाट उतरून जुलैत येईल असं धरून चालू नका. त्याने दोन वर्षांपूर्वी समुद्राजवळ बसवलेला एक तरी संच प्रत्यक्ष पाहून या. त्या संचाचे बोल्ट पाहिले की कोटेशन वाचायची निम्मी गरज उरत नाही.

जागा आणि सावली

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट लागतात. तोंड दक्षिणेला, कल १५ अंशांच्या आसपास. आपल्या अक्षांशाला हाच कल योग्य आहे. १० अंशांच्या खाली जाऊ नका, नाहीतर पावसाचं पाणी खालच्या कडेला साचून तिथे शेवाळ धरतं.

सावलीची पाहणी डिसेंबरात करायला मिळाली तर उत्तम. तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि १५ मीटर उंच माडाची सावली भर दुपारी बारा वाजताही उत्तरेकडे सुमारे १३ मीटर पडते. सकाळी दहाला ती आणखी लांब असते. म्हणजे त्रास देतं ते घराच्या दक्षिणेचं झाड. उत्तरेचा फणस फारशी हरकत करत नाही. एका पॅनेलवर झावळीची सावली पडली तरी ओळीतल्या सगळ्या पॅनेलची वीज घटू शकते. सावली टाळता येत नसेल तर प्रत्येक पॅनेलला ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर (प्रत्येक पॅनेलला स्वतंत्रपणे चालवणारं छोटं यंत्र) लावता येतो, पण एक माड तोडण्यापेक्षा किंवा संच चार मीटर सरकवण्यापेक्षा तो महाग पडतो. आणि माडाच्या थेट खाली पॅनेल कधीच लावू नका, सावली नसली तरीही. वरून पडलेल्या नारळापुढे काच टिकत नाही.

मंगलोरी कौलांच्या जुन्या घरावर, वासे आणि रिपा यांच्या भरवशावर, संच चढवू नये. एक पॅनेल २५ ते ३० किलोचं असतं. शिवाय दरवर्षी कौलं चाळायची असतात, ती पॅनेलखालून चाळता येत नाहीत. अशा घराला परड्यात जमिनीवर किंवा गोठ्याच्या स्लॅबवर जागा शोधा. सिमेंटच्या पत्र्यावरही नको, तो तडकतो.

स्लॅब गळतो म्हणून त्यावर लोखंडी खांबांची पत्र्याची शेड घालायची पद्धत गावोगाव आहे, आणि सोलर हटकून त्या शेडवर चढतो. इथे फार सांभाळा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत उडाले ते असेच पत्रे. पॅनेल बसवली की वाऱ्याला पकडायला आणखी पृष्ठभाग मिळतो. शेडचे खांब स्लॅबला कसे धरलेत ते आधी बघा. नुसत्या चार इंचांच्या प्लेटवर दोन बोल्ट असतील तर आधी ते पक्कं करा. पॅनेलचे क्लॅम्प पत्र्यात नको, पत्र्याखालच्या पर्लिनमध्ये (पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या लोखंडी पट्टीत) जायला हवेत आणि प्रत्येक भोकाला रबरी वॉशर हवा.

मोकळ्या स्लॅबवर काँक्रीटचे पेडस्टल, म्हणजे छोटे चौथरे, ओतून त्यात बोल्ट बसवतात. पेडस्टल नुसते स्लॅबवर ठेवलेले असतील तर ते वादळात सरकतात, ते केमिकल अँकरने (भोकात रासायनिक चिकटा भरून पक्का केलेला बोल्ट) स्लॅबशी जोडा. नुसतं वजन ठेवून भागवायचं असेल तर इंजिनिअरकडून वजनाचा हिशोब लिहून घ्या. स्ट्रक्चर ताशी १५० किलोमीटर वाऱ्याला टिकेल असं करारात लिहून घ्या. तोंडी ‘मजबूत आहे’ याला अर्थ नाही.

खाऱ्या वाऱ्यात टिकणारं स्ट्रक्चर

पॅनेलवर २५ वर्षांची हमी असते, पण ते ज्या लोखंडावर उभं असतं ते समुद्राजवळ पाच वर्षांत सडू शकतं. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, इथे नाही.

लोखंड हॉट डिप गॅल्व्हनाइझच हवं, म्हणजे सगळं कापून, भोकं पाडून, वेल्डिंग करून झाल्यावर जस्तात बुडवून काढलेलं, थर ८० मायक्रॉनच्या आसपास. बाजारात मिळणारे चकचकीत जीआय पाईप वेगळे, त्यांच्यावरचा थर खूप पातळ असतो. सर्रास होणारी चूक अशी: गॅल्व्हनाइझ केलेले तुकडे येतात आणि फॅब्रिकेटर छपरावर ते कापून वेल्ड करतो. जिथे ठिणगी उडाली तिथलं जस्त जळालं. दुसऱ्याच पावसाळ्यात बरोबर त्या जोडातून गंजाचं पाणी ओघळू लागतं. म्हणून जागेवर वेल्डिंग करू नये, सगळे जोड नट-बोल्टचे असावेत, ही अट आधीच घाला. कुठे कापावंच लागलं तर कापलेल्या टोकाला त्याच दिवशी झिंक असलेला रंग दोन हात लावा.

बोल्ट स्टेनलेस स्टीलचे हवेत. किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटरच्या आत ३१६ प्रतीचे घ्या, ३०४ वर तिथे तपकिरी डाग येऊ लागतात. ॲल्युमिनियमची पट्टी आणि लोखंड यांच्यामध्ये रबर किंवा नायलॉनचा वॉशर ठेवा, कारण दोन धातू खाऱ्या ओलाव्यात चिकटून राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पॅनेल आयईसी ६१७०१ ही क्षारधुक्याची चाचणी पास झालेलं असावं, त्याचं प्रमाणपत्र मागा.

इन्व्हर्टरबद्दल एक बारीक अक्षरातली गोष्ट. काही कंपन्यांची हमी समुद्रापासून ठरावीक अंतराच्या आत, उदाहरणार्थ ५०० मीटरमध्ये, उघड्यावर बसवलेल्या इन्व्हर्टरला लागू होत नाही. हर्णै, दिवेआगर, मालवण, वेंगुर्ला अशा किनाऱ्यालगतच्या घरांनी हे कलम विकत घेण्यापूर्वी वाचावं. इन्व्हर्टर पडवीत किंवा घराच्या समुद्राकडे पाठ असलेल्या भिंतीवर लावा, ऊन आणि झड लागणार नाही पण हवा खेळेल असा.

अर्थिंग: जांभ्यावर सगळ्यात जास्त चुकणारं काम

संचाला तीन स्वतंत्र अर्थिंग लागतात: डीसी बाजू (पॅनेल ते इन्व्हर्टर), एसी बाजू (इन्व्हर्टर ते मीटर) आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत नेणारा दांडा). प्रत्येकाचा रोध ५ ओहमच्या आत यायला हवा. सड्यावर, कातळावर तो येत नाही. कातळात पाणी टिकत नाही, विद्युतप्रवाह मुरत नाही. ठेकेदार जुलैत मोजून ‘४ ओहम’ लिहून देतो, तीच जागा एप्रिलमध्ये मोजली तर आकडा कितीतरी वर गेलेला असतो. वळवाच्या विजा मात्र एप्रिल-मेमध्येच पडतात. म्हणून मोजमाप उन्हाळ्यात करून घ्या, निदान पहिल्या उन्हाळ्यात पुन्हा मोजायची अट करारात घाला.

उपाय असा: इलेक्ट्रोड, म्हणजे जमिनीत पुरायची अर्थिंगची सळई, घराच्या जोत्याशी कातळात घुसवण्याचा हट्ट सोडा. विहिरीजवळ, बागेत, जिथे खोल माती आणि बारमाही ओल आहे तिथे खड्डे घ्या आणि तिथून पट्टी घरापर्यंत आणा. तेवढ्याने भागलं नाही तर तीन-तीन मीटर अंतरावर दोन-तीन इलेक्ट्रोड एकमेकांना जोडा. खड्ड्यात मीठ-कोळसा भरायची जुनी पद्धत इथे नको. मीठ पहिल्या दोन पावसाळ्यांत वाहून जातं आणि जाता जाता पट्टी खाऊन टाकतं. बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) किंवा तयार मिश्रण भरा.

डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक आलेला झटका अडवणारं उपकरण) बसवलेत ना, ते डबा उघडून डोळ्यांनी बघा. अर्थिंग कच्चं असेल तर तेही निरुपयोगी ठरतात.

वायर, व्होल्टेज आणि दुपारी बंद पडणारा इन्व्हर्टर

पॅनेलपासूनची डीसी वायर ४ चौरस मिलिमीटरची, टिनचा मुलामा दिलेल्या तांब्याची हवी. साधं तांबं खाऱ्या हवेत टोकापासून आत काळं पडत जातं. प्लगसारखे जोड एकाच कंपनीचे असावेत. दोन कंपन्यांचे जोड एकमेकांत बसतात, पण नीट आवळत नाहीत, तापतात आणि वितळतात. वायर पाईपमधून न्या, उंदीर कुरतडतात. डब्यांमध्ये वायर खालूनच शिरायला हवी आणि शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. रिकामी भोकं बुजवा, पाली आणि मुंग्या याच वाटेने आत जातात.

मीटर गेटजवळ आणि घर आत पन्नास पावलांवर, ही मांडणी आपल्याकडे नेहमीची. इथे एसी वायरची जाडी फार महत्त्वाची. ५ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर पूर्ण उन्हात २२ अँपिअर देतो. ४० मीटर अंतरावर ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज जवळपास ८ व्होल्टने चढतं. १० चौरस मिलिमीटरची असेल तर ३ व्होल्टने. हा फरक का मोजायचा? वीज जाळ्यात ढकलायची तर इन्व्हर्टरला जाळ्यापेक्षा थोडं वर चढावं लागतं. वाडीतल्या लांबच लांब लाईनवर दुपारी वापर कमी असल्याने व्होल्टेज आधीच २४५ च्या पुढे असतं. वरची मर्यादा, म्हणजे २३० च्या १० टक्के वर, २५३, ओलांडली की इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होतो. ऐन उन्हात अशी उघडझाप चालली की दिवसाची बरीच वीज वाया जाते आणि मालकाला वाटतं पॅनेल खराब आहेत. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ची नोंद बघा. वायर जाड असूनही होत असेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) तपासायला सांगा. तोवर विहिरीचा पंप दुपारी बारा ते दोनमध्ये चालवा, व्होल्टेज उतरतं.

आणखी एक गैरसमज: लाईट गेली की सोलरही बंद होतो, भर उन्हातसुद्धा. बिघाड नाही, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचवणारी व्यवस्था आहे. वादळात चार-चार दिवस लाईट जाणाऱ्या गावात पर्यायी वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. घरातला जुना इन्व्हर्टर-बॅटरी सोलरच्या लाईनवर स्वतःच्या डोक्याने जोडून घेऊ नका.

मीटर बसण्याचा दिवस आणि पैसे

पैसे टप्प्यांनी द्या: काही रक्कम साहित्य जागेवर आल्यावर, काही काम झाल्यावर आणि निदान १० टक्के नेट मीटर सुरू झाल्यावर. विक्रेत्याचं शेवटचं काम पोर्टलवर फोटो आणि क्रमांक चढवणं हे आहे, आणि पूर्ण पैसे मिळाल्यावर नेमकं तेच रेंगाळतं. महावितरणचा माणूस पाहणी करतो, दुतर्फा मीटर बसतो, मग पोर्टलवर सुरू झाल्याचं प्रमाणपत्र दिसतं. त्यानंतर बँकेचा तपशील भरला की अनुदान येतं.

मीटर बसताना जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं पहिलं रीडिंग, आयात (घेतलेली वीज) आणि निर्यात (पाठवलेली वीज) दोन्ही, फोटोसकट ठेवा. जुनं रीडिंग चुकीचं चढलं तर महिनोन् महिने दुरुस्तीच्या मागे लागावं लागतं.

पहिल्या दोन-तीन बिलांत हमखास दिसणारी गडबड अशी: रीडिंग घेणारा फक्त आयातीचा आकडा नेतो आणि निर्यात शून्य दाखवली जाते. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मीटरच्या दोन्ही आकड्यांचा फोटो काढा आणि बिलाशी ताडून बघा. ॲपवर ३०० युनिटं दिसतात आणि बिलात निर्यात १९० च, अशी तक्रार मात्र करू नका. मधली ११० युनिटं दिवसा घरातच वापरली गेली, ती मीटरपर्यंत पोचलीच नाहीत. एप्रिलनंतरच्या बिलात मार्चअखेरच्या शिल्लक युनिटांची रक्कम वळती झाली आहे का, तेही बघा.

चूक असेल तर आधी उपविभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. तिथे काम झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल. मंचापुढे वकील लागत नाही, तारखेचे फोटो आणि पोच लागते.

देखभाल आणि वादळ

पावसाळ्यात पॅनेल आपोआप धुतली जातात. नोव्हेंबर ते मे मात्र काचेवर मिठाचा आणि लाल धुळीचा थर बसतो. पंधरा दिवसांनी, पहाटे किंवा सकाळी काच थंड असताना, गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. खारट बोअरचं पाणी वापरलं तर जे काढायचं तेच पुन्हा लावलं जातं. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, काच तडकू शकते. ऑक्टोबरात एकदा बोल्ट आवळून घ्या, गंज दिसेल तिथे घासून झिंकचा रंग द्या आणि कडेला धरलेलं शेवाळ काढा.

चक्रीवादळाचा इशारा आला की आधी एसी बाजूचा स्विच बंद करा, मग डीसी. छपरावरच्या सुट्या फळ्या, पत्रे, टाकीचं झाकण खाली आणा, कारण काच बहुतेक वेळा उडून आलेल्या वस्तूने फुटते. वादळ ओसरल्यावर लगेच स्विच चालू करू नका. फुटलेलं किंवा लोंबकळणारं पॅनेल उन्हात जिवंतच असतं, डीसी स्विच बंद असला तरी पॅनेल ते स्विच एवढ्या वायरमध्ये झटका मारण्याइतकं व्होल्टेज असतं. ओल्या छपरावर चढून ते हाताने उचलायला जाऊ नका. विक्रेत्याच्या माणसाला बोलवा, तो येईपर्यंत मुलांना तिकडे फिरकू देऊ नका, आणि घराच्या विम्यात संच नावाने नोंदलेला असेल तर काहीही हलवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.